आपल्याच मास्तरांचा प्राचार्य: १९०२ सालची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळले होते ती वाक्यं जरा सरळ केली आहेत, बाकी सगळं बोलले तसंच ठेवलंय.

हा भाग मी कोयनानगरहून रेकॉर्ड करतेय, आई-वडिलांच्या घरातून. मध्येच एसटीचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. आजचा विषय इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्यापासून करावी लागणार आहे. कारण गेल्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली, आणि त्या चुकीचं उत्तर शोधता शोधता मी १९०२ सालात जाऊन पोचले.

मी ३३ वर्षांची आहे. इतिहास शिकवते, आणि दोन वर्षांपूर्वी मला पीएच.डी.ची गाईड म्हणून मान्यता मिळाली. माझ्याकडे नाव नोंदवणारे पहिले संशोधक माझ्याच कॉलेजातले एक सहकारी. वय ५२. आणि मंडळी, याच सरांनी मला अकरावी-बारावीला इतिहास शिकवला. वर्गात त्यांनी सांगितलेल्या गोष्टींमुळे मी या विषयाकडे वळले. आता त्यांच्या अर्जावर, अहवालावर, प्रत्येक प्रकरणावर ‘मार्गदर्शक’ म्हणून सही माझी. पहिल्यांदा सही केली तेव्हा पेन हातात असून मी उभीच राहिले होते. सर समोर असताना बसायची सवय नव्हती ना.

सरांचा विषय कोयना धरणामुळे उठलेली गावं. त्यांच्या घरचेही त्यातलेच. म्हणजे ज्या विषयात मी त्यांना ‘मार्गदर्शन’ करायचं, तो त्यांच्या आजीच्या तोंडून त्यांनी ऐकलेला. तिसऱ्या प्रकरणात त्यांनी एका वाडीबद्दल लिहिलं की धरणाचं पाणी चढलं तेव्हा, १९६२ च्या सुमारास, ती वाडी उठली. वाडीतली म्हातारी माणसं तसंच सांगतात, ‘पाण्यानं उठवलं’. पण सरांनीच मिळवलेल्या कागदांत त्या वाडीच्या शाळेचा पट होता, आणि त्यात १९६८ पर्यंत मुलांची नावं होती. पाण्याखाली गेलेल्या वाडीत शाळा कशी भरेल?

मला हे दिसलं होतं. पहिल्याच वाचनात दिसलं होतं. पेन्सिलीनं कोपऱ्यात प्रश्नचिन्ह काढलं आणि नंतर खोडलं. म्हटलं, सरांना मी काय सांगायचं? त्यांना माहीत असेलच. मी ‘उत्तम’ असं लिहून प्रकरण पुढे पाठवलं.

सहामाही प्रगती अहवालाच्या वेळी समितीतल्या एका तज्ज्ञांनी ते पाच मिनिटांत काढलं. चारचौघांत. सर गप्प झाले. परतीच्या एसटीत पाटण येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग एवढंच विचारलं, “तुला दिसलं नव्हतं का?”

मी म्हटलं, “दिसलं होतं सर.”

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. बस्स. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता या अवस्थेला एक नाव आहे. १९७८ साली पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी एक निबंध प्रसिद्ध केला. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांबरोबरच्या कामातून तो आला होता. पदव्या होत्या, पदं होती, मान होता, तरी या बायकांना आतून वाटायचं की आपण लायक नाही, आपण सगळ्यांना फसवलंय आणि एक दिवस हे उघडं पडणार. याला त्यांनी ‘इम्पोस्टर फेनॉमेनन’ म्हटलं. पुढे लोकांच्या तोंडी ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ रुळलं. मराठीत आपण तोतयेपणाची भावना म्हणू. तोतया म्हटलं की आपल्याला पानिपतानंतरचा सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो. फरक इतकाच की तो खरा तोतया होता आणि त्याला तसं वाटत नव्हतं, आणि इथे माणूस खरा असतो पण स्वतःला तोतया समजतो.

तर, आता इतिहास.

आमच्या घरापासून हेळवाक अगदी जवळ. चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढून आलं की आधी हेळवाक लागतं, आणि रस्ता पुढे पाटण, कराडकडे उतरतो. कोकणातून देशावर येणाऱ्या माणसाला सह्याद्री चढावाच लागतो. घाटमाथ्यावर गेले की मला नेहमी एक मुलगा आठवतो. दापोलीजवळच्या मुरूडचा. १८७५ च्या सुमाराला तो साताऱ्याला चालत निघाला. नोकरीसाठी उपयोगी पडणारी मराठी सहावीची परीक्षा द्यायची होती आणि केंद्र साताऱ्याला होतं. अंतर सुमारे ११० मैल. चार दिवस चालून तो पोचला. परीक्षेला बसायला १७ वर्षं पूर्ण हवीत असा नियम होता. समितीच्या प्रमुखांनी त्याच्याकडे बघितलं, अंगानं किरकोळ, चेहऱ्यानं पोरसवदा. हा १७ वर्षांचा वाटत नाही, म्हणाले, आणि बसू दिलं नाही. चार दिवसांची पायपीट एका नजरेत संपली. पुढच्या वर्षी तो कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा पास झाला.

हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. आपले महर्षी कर्वे, अण्णा. ‘लहान दिसतोस’ म्हणून दारातून परत पाठवलं जाणं काय असतं, ते या माणसाला ठाऊक होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कर्व्यांना शिकायला उशीर झाला. १८८४ मध्ये, २६ व्या वर्षी, ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाले. मग मुंबईतच शाळांमधून शिकवू लागले. स्वतःचं बेताचं उत्पन्न, तरी कोकणातल्या हुशार मुलांना ते शिकायला घरी ठेवून घेत. त्यातला एक त्यांच्या आईकडच्या नात्यातला भाऊ, मुर्डी गावचा रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. जन्म १६ फेब्रुवारी १८७६. म्हणजे कर्व्यांपेक्षा जवळजवळ १८ वर्षांनी लहान. नात्यानं भाऊ, पण वयाच्या हिशेबानं मुलासारखाच.

१८९१ च्या अखेरीस गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. रघुनाथही फर्ग्युसनमध्ये दाखल झाला. म्हणजे घरातही अण्णा आणि कॉलेजातही अण्णा. १८९६ मध्ये सरकारी शिष्यवृत्ती मिळवून रघुनाथ केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजात गेला आणि १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर झाला, जॉर्ज बर्टव्हिसल या विद्यार्थ्याबरोबर विभागून पहिला. हा मान मिळवणारा पहिला भारतीय. तेव्हापासून महाराष्ट्र त्यांना ‘रँग्लर परांजपे’ म्हणतो.

आणि १९०२ मध्ये, २६ व्या वर्षी, रँग्लर परांजपे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. आधीचे प्राचार्य महादेव शिवराम गोळे. ज्या कॉलेजात सहा-सात वर्षांपूर्वी ते बाकावर बसत होते, त्याच कॉलेजाचे प्रमुख. आणि गणित शिकवणाऱ्या प्राध्यापकांत कोण? ४४ वर्षांचे धोंडो केशव कर्वे.

आता तुम्ही म्हणाल, अहो, ते सीनियर रँग्लर होते! त्यांना कसली भीती? खरंय, गणितात नसेल. पण ट्रायपॉसच्या परीक्षेत वेळापत्रक कसं लावायचं हे विचारत नाहीत. देणग्या कशा मागायच्या, वसतिगृहात भांडण झालं तर काय करायचं, ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना ‘हा तास तुम्ही घ्या’ कसं सांगायचं, हे केंब्रिज शिकवत नाही. पदवी एका कामाची असते आणि खुर्ची दुसऱ्याच. हे अंतर प्रत्येकाला पार करावंच लागतं. माझ्याकडेही पीएच.डी. आहेच की. पण आपल्या सरांच्या कागदावर प्रश्नचिन्ह कसं काढायचं, याचा पेपर मी कधी दिला नव्हता.

मी बरेच दिवस या गोष्टीकडे परांजप्यांच्या बाजूनंच बघत होते. कारण मी स्वतःला त्यांच्या जागी ठेवत होते. त्या एसटीच्या प्रवासानंतर पहिल्यांदा कर्व्यांच्या बाजूनं बघितलं, आणि चित्र बदललं.

असं बघा. तोतयेपणाच्या भावनेचा गाभा काय? ‘मी लोकांना फसवलंय.’ मग फर्ग्युसनमध्ये परांजपे कर्व्यांना काय फसवणार होते? या माणसानं त्यांना मुर्डीचा पोरगा म्हणून पाहिलेलं. त्यांना काय येतं आणि काय येत नाही, हे कर्व्यांना परांजप्यांइतकंच ठाऊक. गोखल्यांचंही तेच. ज्यांनी खुर्ची दिली त्यांना वय माहीत होतं. सगळं डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी ठरवलं होतं. मग ‘मी यांना फसवलंय’ असं समजणं म्हणजे काय झालं? म्हणजे ही मोठी माणसं भोळी आहेत, यांना माणूस ओळखता येत नाही, असंच म्हणणं झालं. आपल्याला वाटतं ही आपली नम्रता. पण तिच्या पोटात वडीलधाऱ्यांचा अपमान दडलेला असतो.

हे मला माझ्याबद्दल कळलं तेव्हा चरचरलं. सरांपुढे गाईड म्हणून दुसरी नावंही होती. त्यांनी स्वतः माझं नाव निवडलं होतं. मला बारावीपासून ओळखणाऱ्या माणसानं. आणि मी ठरवून टाकलं होतं की त्यांची निवड चुकलीय.

दुसरी गोष्ट त्या संस्थेच्या घडणीची. फर्ग्युसन चालवणारी डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये स्थापन झाली ती आजीव सदस्यांच्या बळावर. वीस वर्षं काम करण्याची बांधिलकी आणि महिन्याला ७५ रुपये, अशा अटींवर माणसं आली. कारभार या सदस्यांचा, सगळ्यांनी मिळून चालवायचा. त्या घरात प्राचार्य हा मालक नव्हता. कामं वाटून घेतली जात, त्यातलं एक काम प्राचार्यपदाचं. आणि त्या घराला तरुण माणसांची सवयही होती. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे, संस्कृत-इंग्रजी कोश करणारे, १८९२ मध्ये वारले तेव्हा ३४ वर्षांचे होते. त्यांच्यानंतरचे गोपाळ गणेश आगरकर १८९५ मध्ये गेले तेव्हा ३८ वर्षांचे. पहिल्या दोन्ही प्राचार्यांनी चाळिशीसुद्धा पाहिली नाही. त्या काळात आयुष्यच इतकं आखूड होतं की माणूस पुरता पिकेपर्यंत कामाला थांबून चालत नसे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कर्वे त्या वेळी काय करत होते? १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला होता आणि १९०० पासून तो हिंगण्याला नेला होता. कॉलेजचे तास संपले की पुण्यातून हिंगण्यापर्यंत चालत जायचं, आश्रमाचं बघायचं. सुटीत गावोगाव फिरून वर्गणी मागायची. या माणसाचं मोठेपण प्राचार्याच्या खुर्चीत नव्हतंच, मग ती रघुनाथला मिळाली म्हणून त्यांचं काय कमी होणार? आणि उलट बाजूनं, रघुनाथला प्राचार्य होण्यासाठी अण्णांपेक्षा मोठं व्हायची गरजच नव्हती. त्याला फक्त प्राचार्याचं काम करायचं होतं.

आमच्यासारख्यांची गल्लत इथेच होते. खुर्ची मिळाली की वाटतं, आता आपण समोरच्यापेक्षा जास्त शहाणे असलो पाहिजे. नसतो, हे आतून माहीत असतं. मग आपण दोनांपैकी एक करतो. एक तर उगाच कडक वागून दाखवतो, नाहीतर मी केलं तसं, कामच टाळतो. ‘उत्तम’ लिहून मोकळे होतो. दोन्हीत नुकसान समोरच्याचं.

परांजप्यांनी जवळजवळ दोन दशकं ते काम केलं. कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. म्हणजे सुमारे बारा वर्षं ते आपल्या धाकट्या भावाच्या प्राचार्यपदाखाली गणित शिकवत राहिले. आणि या गोष्टीचा खरा निकाल मला दिसतो तो १९१६ मध्ये. त्या वर्षी कर्व्यांनी आयुष्यातलं सगळ्यात मोठं धाडस केलं, महिला विद्यापीठ स्थापन केलं. तेच पुढे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झालं. कुलपती झाले ज्ञानवृद्ध रामकृष्ण गोपाळ भांडारकर. आणि कुलगुरू? रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, वय ४०. फर्ग्युसनच्या वेळी एक वेळ म्हणता आलं असतं की संस्थेनं ठरवलं, कर्व्यांनी मानलं. इथे मात्र संस्था कर्व्यांची, स्वप्न कर्व्यांचं, आणि तिच्या डोक्यावर पुन्हा तोच धाकटा भाऊ. बारा वर्षं हाताखाली काम करून अण्णांनी केलेली ही परीक्षा होती, असं मी समजते. साताऱ्याला ज्याला ‘लहान दिसतोस’ म्हणून परत पाठवलं होतं, त्यानं आपल्या दारात तो नियम चालू दिला नाही.

आता परत माझ्याकडे येते.

परवा सर इथे कोयनानगरला आले. कामही होतं, एका म्हाताऱ्या बाईंना भेटायचं होतं. त्याआधी मी तिसरं प्रकरण पहिल्यापासून वाचलं आणि सहा पानांची टिपणं लिहिली. पेननं, खोडता येऊ नये म्हणून. चहा झाल्यावर त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, “सर, हे मी तेव्हाच द्यायला पाहिजे होतं. मला भीती वाटली. पण त्याचा त्रास तुम्हाला झाला, चारचौघांत. चूक माझी आहे.”

सरांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली. सावकाश. मग म्हणाले, “तू बारावीला असताना तुझ्या वहीवर मी लाल रेघा मारायचो, तेव्हा मला लाज वाटायची व्हय?”

मी म्हटलं, “नाही.”

“मग तुला का वाटावी? माझी वही हाय ही आता.”

नंतर दोन तास आम्ही फक्त त्या वाडीबद्दल बोललो. शाळेचा पट १९६८ पर्यंत आहे, मग वाडी उठली कधी? ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनेचा भूकंप. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगरची वसाहत कोसळली. माझ्या वडिलांनाही ती पहाट आठवते. वाडी पाण्यानं उठली नव्हती, भूकंपानंतर उठली होती. मग म्हातारी माणसं ‘पाण्यानं उठवलं’ का म्हणतात? मी विचारलं, आणि सर हसले. म्हणाले, “त्यांच्या लेखी दोन्ही एकच. पाणी साठवलं म्हणून जमीन हलली, असंच आमची आजी सांगायची.”

आणि मंडळी, गंमत म्हणजे भूकंपशास्त्रज्ञही या आजीपासून फार लांब नाहीत. जलाशयाच्या पाण्यामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचं जगभर दिलं जाणारं ठळक उदाहरण म्हणजे कोयना. म्हणजे सरांच्या प्रकरणातली चूक ही नुसती चूक राहिली नाही. लोक दोन वेगळ्या विस्थापनांना एकच नाव का देतात, हा त्या प्रकरणाचा सगळ्यात चांगला प्रश्न झाला. तारीख चुकलीय हे सांगणं माझं काम होतं. त्या चुकीत काय दडलंय हे सांगणं सरांनाच शक्य होतं. मी गप्प बसले होते तेव्हा या दोन्ही गोष्टी अडून राहिल्या होत्या.

माझी भीती गेली का? नाही. आजही त्यांचा फोन आला की मी खुर्चीतून उठते. पण मी आता दोन गोष्टी ठरवल्यात. टिपणं आधी लेखी द्यायची, म्हणजे समोर बसल्यावर माझी जीभ कचरली तरी कागद कचरत नाही. आणि जे मला माहीत नाही ते सरळ विचारायचं, ‘सर, हे मला सांगा’ म्हणून. गाईडनं विचारलं तर गाईडपण कमी होत नाही, हे मला उशिरा कळलं.

निघताना सर फाटकापाशी थांबले. म्हणाले, “चौथं प्रकरण पंधरा तारखेला देतो मॅडम. लाल पेन आणून ठेव.”

तर असा हा भाग. तुमच्यापैकी कुणी आपल्याच शिक्षकांचे, नाहीतर आपल्यापेक्षा मोठ्या माणसांचे साहेब झाला असाल, किंवा धाकट्याच्या हाताखाली काम केलं असेल, तर जरूर कळवा. दुसऱ्या बाजूची गोष्ट ऐकायला मला जास्त आवडेल, कारण ती फार कमी जण सांगतात. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.